घाण्यावरच्या शेंगदाणा तेलात पामतेल मिसळलंय का, हे जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी) चाचणीत नक्की कळतं का?

भरपूर मिसळलं असेल तर कळतं. थोडंसं असेल तर बऱ्याचदा निसटतं. मी खाद्यतेलाच्या लॅबमध्ये जीसीवरच बसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तेलाची सहजी वाफ होत नाही. त्यामुळे आधी टेस्टट्यूबमध्ये थेंबभर तेल, हेक्झेन आणि मिथेनॉलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेऊन जोरात हलवायचं, म्हणजे तेलातल्या फॅटी ॲसिडांचे सहज वाफ होणारे मिथाइल एस्टर तयार होतात. दोन थर पडले की वरचा हेक्झेनचा घ्यायचा. खालच्या ग्लिसरीनच्या थराला सुई लागता कामा नये. यातलं मायक्रोलिटरभर मशीनमध्ये जातं आणि १०० मीटर लांब, केसासारख्या बारीक नळीतून एकेक ॲसिड आपापल्या वेळेला बाहेर पडतं. कुठलं कधी येतं ते स्टँडर्ड मिश्रण चालवून आधीच ठरवलेलं असतं.

आता तुमचं तेल. शेंगदाणा तेलात पामिटिक हे फॅटी ॲसिड साधारण ८ ते १४ टक्के असतं, पामोलिनमध्ये (पामतेलाचा पातळ भाग) ४० च्या आसपास. समजा मूळ तेलात ११ टक्के आहे आणि कोणी १० टक्के पामोलिन घातलं. पामिटिक होईल १३.९. म्हणजे मर्यादेच्या आत, रिपोर्ट 'पास'! ३० टक्के घातलं तर मात्र १९.७ येतं, तिथे चोरी लपत नाही.

म्हणून मी पामिटिकवर थांबत नाही, आलेखातले शेवटचे पीक, म्हणजे उंचवटे, बघतो. बेहेनिक आणि लिग्नोसेरिक ही लांब साखळीची ॲसिडं शेंगदाण्याची खास खूण. एकटं बेहेनिकच दीड ते साडेचार टक्के असतं, पामतेलात जवळपास नसतंच. ती येतात अगदी शेवटी. आमच्याकडे एका नव्या मुलानं घाईत रन अर्ध्यावर तोडला आणि 'यात बेहेनिक नाही, भेसळ आहे' म्हणून मोकळा झाला. तेल चोख होतं, घाई नडली.

फ्रिजमध्ये तेल गोठवून बघायचा घरगुती उपाय सोडून द्या. याच लांब ॲसिडांमुळे शुद्ध शेंगदाणा तेलही गारठ्यात घट्ट होतं.

वाणानुसारही आकडे हलतात. गिरनार ४ सारख्या हाय-ओलिक (ओलिक ॲसिड जास्त असलेल्या) वाणाचं तेल नेहमीच्या तक्त्याशी ताडलं तर उगाच संशयास्पद दिसतं. तेव्हा खरंच छडा लावायचा असेल तर घाणेवाल्याकडचेच दोन किलो दाणे समोर उभं राहून गाळून घ्या आणि ते तेल व विकतची बाटली असे दोन्ही नमुने एकाच वेळी द्या. लॅबकडून नुसता 'पास' शेरा घेऊ नका, फॅटी ॲसिडांचा पूर्ण तक्ता मागा. दोन्हींचं पामिटिक आणि बेहेनिक शेजारी ठेवलंत की पुढचं घाणेवाल्याला विचारता येईल.