उसना कॅमेरा, उसने चेहरे

प्रिय मित्रा,

तुझी मेल वाचली. विद्यार्थी निवडणुकांसाठी धरणं धरून बसलेल्या मुलांवर फिल्म करायचीय, पण चांगला कॅमेरा नाही म्हणून अडलंय म्हणतोस.

माहितीपटकार आनंद पटवर्धनांची ‘क्रांती की तरंगें’ पाहिलीस? १९७४ चा बिहार. महागाई, भ्रष्टाचार याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि जयप्रकाशांनी नेतृत्व पत्करलं होतं. ४ नोव्हेंबरला पाटण्यात लाठीमार झाला. जयप्रकाशांवरचे वार झेलताना आपल्या हिंगोलीकडच्या नानाजी देशमुखांचा हात मोडला. पटवर्धनांनी बरंचसं चित्रण केलं ते सुपर एटवर, म्हणजे लोक घरातली बारशी-लग्नं टिपायचे त्या फिल्मवर. ते पडद्यावर दाखवून पुन्हा १६ मिलिमीटरच्या मोठ्या फिल्मवर उतरवलं. म्हणून चित्र रवाळ दिसतं, साजूक तुपासारखं. पुढे आणीबाणीत एका प्रिंटचे तुकडे करून ते वेगवेगळ्या माणसांबरोबर परदेशी धाडले आणि तिथे जोडले. तेव्हा कॅमेऱ्याचं रडगाणं मला ऐकवू नकोस.

मला काळजी आहे ती वेगळीच. तुझ्या क्लिपमध्ये पायरीवर बसून डबा खाणारी मुलगी आहे. चेहरा अगदी स्वच्छ आलाय. तिला विचारलं होतंस का?

‘इनसाइड द रेड ब्रिक वॉल’ बघ. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारविरोधी आंदोलनातली मुलं आत असताना पोलिसांनी हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाला वेढा घातला, तेव्हा आत राहून केलेली फिल्म. मुलांचे चेहरे ओळखू येऊ नयेत अशी काळजी घेतलीय आणि दिग्दर्शकांनीही स्वतःची नावं दिलेली नाहीत. चेहऱ्याशिवाय माणूस कसा कळणार, असं मलाही आधी वाटलं. मग तो जिन्यावरचा प्रसंग आला. मुलांना बाहेर न्यायला शाळांचे मुख्याध्यापक आलेत. जावं तर सोबत्यांना सोडल्यासारखं, राहावं तर अटक. पोरं रडतात, एकमेकांवर खेकसतात, दोन पायऱ्या उतरून थांबतात. चेहऱ्याची आठवणही होत नाही.

तुझ्याकडेही मुलांची आपसातली भांडणं आहेत, ती ‘आंदोलनाची बदनामी नको’ म्हणून कापलीस. परत घाल. भाषणं कमी कर. ती चॅनेलवाले घेतातच.

रविवारी हार्ड डिस्क घेऊन ये. त्याआधी त्या मुलीला क्लिप दाखव. नको म्हणाली, तर फक्त हात आणि डबा ठेवू. पोळी मोडतानाची बोटं छान आलीत.

तुझा,
काका