साडेसहा हजारांचा ‘५८ सीसी’ चेनसॉ घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: दापोलीजवळ दोन एकर आंबा-नारळाची वाडी आहे, वर्षातून दहा-बारा दिवस फांद्या आणि पडलेली झाडं कापावी लागतात. ऑनलाइन साडेसहा हजारांत २२ इंची बारचा (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) ‘५८ सीसी’ चेनसॉ मिळतोय, नामांकित कंपनीचा त्याच्या चौपट पडतोय. स्वस्तातला टिकेल का?

तुमच्या कामाला टिकेल, पण खोक्यातून काढून थेट झाडाला लावू नका. याच एका चुकीपायी माझं मशीन गेलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. आमची वाडी तिथून फार लांब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून बाहेर पडायला वाट नव्हती, माड आणि पोफळी एकमेकांवर आडव्या पडल्या होत्या. वीज कित्येक आठवडे नव्हती. कटरवाले प्रत्येक गावाला हवे होते आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. रस्ते सुरू झाल्यावर मी आणि माझ्या चुलतभावाने एकाच विक्रेत्याकडून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलची दोन मशीनं आणली. माझं तिसऱ्या टाकीला जाम झालं. भावाचं आजही चालतं.

दोन्ही मशीनं नंतर शेजारी शेजारी ठेवून उघडली. सिलिंडर, पिस्टन, क्रँक, सगळं सारखंच. माझ्या मशीनच्या कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधला रबरी नळकांडा नीट बसलेला नव्हता, त्याची एक कड दुमडली होती. तिथून बाहेरची हवा आत जात होती. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. हवा जास्त शिरली की पेट्रोल कमी पडतं, म्हणजे ऑइलही कमी पडतं आणि उष्णता वाढते. इंजिन अशा वेळी उलट जास्त जोरात, चढ्या आवाजात फिरतं आणि आपल्याला वाटतं, काय मस्त चाललंय! मग एकदम आवाज बसतो आणि दोरी ओढली तरी हलत नाही. भावाने मात्र मशीन आणल्या आणल्या ग्रासकटर आणि फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेलं होतं. त्याने ते पूर्ण उघडून, नळकांडा बसवून, सगळे बोल्ट आवळून दिले. खर्च तीनशे रुपये.

म्हणून या मशीनना सरसकट ‘चायनाचा माल’ म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. बाजारात ४५, ५२, ५८ अशा आकड्यांची जी मशीनं शंभर नावांनी आणि पाच रंगांत विकली जातात, त्यांची मूळ रचना जपानच्या झेनोआ कंपनीच्या जी ४५००, जी ५२०० या घराण्यातली आहे. झेनोआ चांगलंच नाव होतं, २००७ मध्ये हस्कवार्ना या स्वीडिश कंपनीने ती विकत घेतली. म्हणजे आराखडा अनुभवी माणसांचा आहे. महागड्या मशीनच्या किमतीत धातूचा दर्जा, प्रत्येक नगाची तपासणी आणि पाठीशी उभा असलेला डीलर यांचे पैसे असतात. स्वस्त मशीनमध्ये त्यातलं पहिलं थोडंफार मिळतं, दुसरं आणि तिसरं मिळत नाही. शेवटची तपासणी तुम्हालाच करायची आहे असं धरून चाला.

इथे एक फरक लक्षात ठेवा. जुन्या रचनेची नक्कल करून आपल्या नावाने विकणं वेगळं आणि स्टिल (Stihl) किंवा हस्कवार्ना अशा मोठ्या कंपनीचा शिक्का मारून विकणं वेगळं. दुसरा प्रकार सरळ फसवणूक आहे. तशा मशीनला हात लावू नका, कारण जो माणूस नावच खोटं लावतो तो आतल्या ब्रेकबद्दल खरं बोलेल अशी अपेक्षा कशी करायची?

आकड्यांवरही भाळू नका. माझ्या जाम झालेल्या मशीनचा पिस्टन हातात होता म्हणून मोजून पाहिला. सिलिंडरचा व्यास ४५.२ मिलीमीटर, पिस्टनची वरखाली चाल ३४ मिलीमीटर. हिशोब केला तर साडेचोपन्न सीसी होतात. ५८ व्हायला चाल ३६ च्या वर लागेल. ५८ हा मॉडेलचा आकडा समजा. साडेचोपन्न सीसी तुमच्या वाडीला भरपूर आहेत, पण २२ इंची बार या इंजिनाला जड जातो. पूर्ण बार ओल्या आंब्यात बुडवला की चेन मंदावते, माणूस वरून दाबतो आणि क्लच तापतो. १८ इंची बार घ्या, त्याला ०.३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप), दीड मिलीमीटर जाडीची, ७२ कड्यांची चेन लागते. बरोबर आलेली चेन शिकायला वापरा आणि पहिल्या महिन्यातच ओरेगॉनसारख्या कंपनीची चांगली चेन आणा. माझ्या अनुभवात एवढ्या एका बदलाने मशीन दुप्पट चांगलं वाटायला लागतं. माडाच्या बुंध्याची बाहेरची बाजू किती चिवट असते ते तुम्हाला सांगायला नको. त्यात आडव्या पडलेल्या माडाला वाळू चिकटलेली असते, चेन अर्ध्या तासात बोथट होते. ४.८ मिलीमीटरची गोल कानस खिशात ठेवा आणि प्रत्येक टाकीला दातांवरून दोन-तीन हात फिरवा. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की धार गेली.

पहिल्या दिवशी काय करायचं ते सांगतो. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरचे नट, सायलेन्सरचे बोल्ट, सिलिंडरचे बोल्ट आवळा. रबरी नळकांड्यावरून बोट फिरवून तो सगळीकडून बसलाय ना ते बघा. टाकीतली पेट्रोलची नळी ओढून पाहा, कडक किंवा चिरलेली असेल तर बदला, ती चाळीस-पन्नास रुपयांत मिळते. मग मिश्रण. बहुतेक पत्रकांत २५ ला १ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिलि टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल. सुरुवातीच्या काही टाक्या तेच ठेवा आणि ऑइल चांगल्या कंपनीचं वापरा. अंदाजाने बाटलीच्या झाकणाने ओतू नका, मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा. पहिल्या दोन टाक्या सलग जोर न लावता बारीक फांद्यांवर घालवा आणि मशीन थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळा. सायलेन्सरचे बोल्ट हमखास सैल झालेले सापडतात.

कोकणात या मशीनांचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा, आणि तेव्हा ती वापरात नसतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जूनमध्ये टाकी भरलेली ठेवलीत तर ऑक्टोबरपर्यंत पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसू शकतं, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर तळाशी लोळत असतो, तो नेमकं ते बिनऑइलचं पाणी ओढतो. शिवाय कार्ब्युरेटरचा पातळ पडदा ताठरतो. ‘चायनीज आहे, एका वर्षात बंद पडलं’ म्हणून जी मशीनं मेकॅनिककडे येतात, त्यातली बरीचशी अशीच गेलेली असतात. पाऊस लागण्याआधी टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. दहा मिनिटांचं काम आहे.

या मशीनचे कमकुवत भाग ठरलेले आहेत: दोरीच्या चाकाचे प्लास्टिकचे खटके, इग्निशन कॉइल आणि चेनला ऑइल देणाऱ्या पंपाचा प्लास्टिकचा आटा. सगळे सुटे भाग स्वस्त आहेत आणि एकमेकांना लागू पडतात, हा या मशीनचा मोठा गुण. चेनचं ऑइल येतंय का ते रोज बघा: बारचं टोक सुक्या ओंडक्यासमोर धरून रेस द्या, काही सेकंदांत ऑइलची रेघ उमटली पाहिजे. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल त्यात घालू नका. त्यातला धातूचा कीस पंप खातो.

आणि ब्रेक. इथे मी कोणालाच सवलत देत नाही. मशीन चालू करून जमिनीवर ठेवा, रेस देऊन पुढचा दांडा पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. रेस सोडल्यावर चेन फिरत राहत असेल तर आधी आयडल स्क्रू कमी करा. तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग गेली, बदलल्याशिवाय काम करू नका. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, आणि त्या क्षणी तुमच्या आणि चेनच्या मध्ये फक्त हा ब्रेक असतो. निसर्गनंतर आमच्या भागात चपला घालून, शिडीवर चढून, एका हाताने मशीन चालवणारी माणसं मी पाहिली. माझं त्यांच्याशी भांडण झालं आणि पुन्हा करावं लागलं तर करीन. बूट, चष्मा, कानाला बोळे आणि दोन्ही हात मशीनवर. शिडीवर चेनसॉ नाही.

रोज पाच-सहा तास कापून पोट भरायचं असतं तर मी तुम्हाला कर्ज काढून मोठ्या कंपनीचं घ्यायला सांगितलं असतं, कारण मशीन बंद म्हणजे मजुरी बंद. दहा-बारा दिवसांसाठी नाही सांगणार. साडेसहा हजारांचं मशीन, वर दोन हजार बाजूला काढा: चांगली चेन, १८ इंची बार, कानस, ऑइल, चष्मा आणि मेकॅनिकचे तीनशे रुपये. दापोलीत ग्रासकटर दुरुस्त करणारा कोण आहे ते आधी शोधा, मशीन त्यानंतर मागवा.