आधी तू त्यांच्या स्पीडला जा

अगं, तुझा मेसेज वाचला. वर्गात पोरं गाण्यावर टाळ्या वाजवताना लय सोडून पुढे पळतात, आवरतच नाहीत, म्हणून तू वैतागलीयस आणि आता मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिक-टिक करणारं यंत्र, लावणार म्हणतेस. नको लावूस. निदान अडीच-तीन वर्षांच्यांना तरी नको.

मुद्दाम नाही पळत गं ती. लहान मुलाच्या हातात वाजवायला नुसता डबा दिला, काही सांगितलं नाही, तर त्याचे ठोके मिनिटाला साधारण 150 च्या आसपास पडतात, आपले मोठ्यांचे 100 च्या. आता तू 80 ला गाणं धरून बसलीस तर मधल्या वेळात त्या बिचाऱ्याने करायचं काय? वाजवण्यापेक्षा थांबणं अवघड, हात आवरायला लागतो, आणि ते त्या वयात कुठे जमतंय. म्हणून आधी तू त्यांच्या स्पीडला जा, मिनिटभर त्यांच्याच चालीने वाजव आणि मग कळू न देता हळूहळू खाली आण.

मेट्रोनोमचं म्हणशील तर 2009 मध्ये किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, अडीच ते साडेचार वर्षांची मुलं, एकदा सोबत माणूस ढोल वाजवतोय, एकदा मशीन, एकदा नुसता स्पीकरचा आवाज. माणसाबरोबर मुलं जास्त नीट लयीत राहिली, अडीच वर्षांची पोरंसुद्धा आपला स्पीड सोडून त्या माणसाच्या स्पीडकडे सरकली.

मला मात्र हे आधी एका पोरामुळे पटलं होतं. स्पीकरच्या गाण्यावर तो कायम पुढे. एकदा स्पीकर बंद पडला तेव्हा मी त्याच्यासमोर खाली बसले आणि ठोक्याआधी हात उगाच जास्त वर उचलला. त्याचाही हात वर गेला, हवेतच थांबला, नजर माझ्या हातावर, आणि दोघांचे हात एकदम खाली. खुदकन हसला. पुढच्या ठोक्याला परत पळाला, ते सोड.

बघ ना, ठोका ऐकून मग हात मारला तर उशीरच होणार, तो कधी येणार हे आधीच ताडावं लागतं. वर जाणारा हात ते दाखवतो, स्पीकर काय दाखवणार?

आणि हो, वर्षाच्या आतलं बाळ गाणं लागलं की डोलतं म्हणून आईबाबांना लगेच ‘लयीत आहे’ सांगू नकोस. ते गाणं ऐकून हलतंय, गाण्याच्या ठोक्यावर नाही, त्याला अजून अवकाश आहे.

उद्या खुर्ची बाजूला सार, खाली बस. दोघं-दोघं समोरासमोर घे, सगळा वर्ग एकदम नको, नुसता गोंधळ होतो. कसं झालं ते रात्री फोन करून सांग, टाईप करत बसू नकोस.