अण्णांना सांगायचे कोणी?

घरातले मोठे माणूस ऐकत नाही, नको नको म्हणताना बाहेर जाते, अडवले तर बोलणे टाकते, अशा वेळी आम्ही काय करावे, हा प्रश्न २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मराठवाड्यातल्या अनेक घरांतून आम्हा समुपदेशकांकडे फोनवर येत असे. विचारणारी बहुतेक वेळा त्या घरची सून असे. ज्याला भीती वाटत असे तो मुलगा आणि ज्याच्याविषयी ती वाटत असे ते वडील, यांपैकी कोणीही स्वतः फोन करत नसे. तक्रार दोघांची, आणि ती मांडणारी तिसरीच, ही गोष्ट मला तेव्हापासून महत्त्वाची वाटत आली आहे. त्यांपैकी एका घराची हकिगत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे हे कुटुंब. सासरे एसटीत वाहक होते, निवृत्त होऊन दहा वर्षे झालेली. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मुलाचे कापडाचे दुकान आहे. सासूबाई गुडघेदुखीने बेजार, दोन नातवंडे, आणि फोन करणारी सून, जिला आपण सुनंदाताई म्हणू. त्या सकाळी सहाच्या सुमारास गच्चीवरून फोन करत. घरात सगळी माणसे दिवसभर असल्यामुळे मोकळेपणाने बोलायला दुसरी जागाच नव्हती, आणि उन्हाळ्याचे दिवस असल्याने कुरडया घालण्याचे निमित्त त्यांना मिळाले होते. दरवर्षी गल्लीतल्या चार बायका मिळून करतात ते वाळवण त्या वर्षी प्रत्येकीने आपापल्या गच्चीवर एकटीने केले. फोन खांद्याला आणि कानाला धरून त्या बोलत, मधूनच सोऱ्या फिरवल्याचा करकर आवाज येई, आणि जिन्यात पाऊल वाजले की वाक्य अर्ध्यावर तोडून त्या चिकाविषयी बोलू लागत. फोनवरच्या समुपदेशनात एकांत गृहीत धरता येत नाही. तो माणसाला मिळतो तेवढ्यातच काम करावे लागते.

त्यांनी पहिला फोन केला तो लसीच्या प्रसंगानंतर. अण्णांनी मार्चअखेरीस पहिला डोस घेतला होता. त्या वेळी दुसरा डोस सहा ते आठ आठवड्यांनी, असे सांगितले जात असे. अण्णांनी तारीख मोजून ठेवली होती, आणि मे महिन्याच्या मध्यावर, आखिती झाल्यानंतरच्या आठवड्यात, ते कोणालाही न सांगता पहाटेच ग्रामीण रुग्णालयात जाऊन रांगेत उभे राहिले. मात्र १३ मे रोजी केंद्र सरकारने कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले अंतर बारा ते सोळा आठवडे केले होते. उन्हात तीन तास उभे राहिल्यावर खिडकीतून उत्तर आले की, ८४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय संगणक नावच घेत नाही. अण्णा घरी आले ते संतापून. मुलाने ओसरीत त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायला घेतला, तो त्यांनी झटकून टाकला. मग मुलगा बापाकडे न पाहता बायकोला म्हणाला, “यांना म्हणावं, आधी मोबाईलवर बघून जावं.” आणि अण्णाही सुनेलाच म्हणाले, “त्याला सांग, सरकारलाच काही कळंना, मोबाईलला काय कळणार!” तेव्हापासून दोघांमधले होते नव्हते तेवढे बोलणेही बंद झाले.

अंतर वाढवण्याला कारण होते. ब्रिटनमधल्या अनुभवाचा आधार त्या निर्णयाला दिलेला होता. पण ते कारण रांगेतल्या माणसापर्यंत कोणी पोहोचवले नव्हते. आयुष्यभर वेळापत्रकावर चाललेल्या माणसाने सांगितलेली तारीख पाळली आणि खिडकीपाशी तोच चुकला असे ठरले, हे मला आजही खटकते. त्यानंतर तो कोणाचेही ऐकेनासा झाला, यात हेकेखोरपणा किती आणि दुखावलेपण किती, हे मोजून मगच त्याला हट्टी म्हणावे.

सुनंदाताईंचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे होते: “मॅडम, हे म्हणतेत अण्णांना सांग, अण्णा म्हणतेत त्याला सांग, अन् दोघांच्या मधी मी निस्ती पिसायलेय.” अण्णा रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडत, दोन तासांनी येत, आणि बसस्टँडमागच्या एका चहावाल्याकडे अर्धे शटर ओढून चार-पाच जुन्या सहकाऱ्यांबरोबर बसतात, असे मुलाच्या कानावर आले होते. त्याची भीती अवाजवी नव्हती. एप्रिलमध्ये त्याच्या सख्ख्या मावसभावासाठी परभणी आणि नांदेड अशा दोन्ही ठिकाणी खाटेच्या शोधात तो रात्रभर फिरला होता. खाट मिळाली, पण भाऊ राहिला नाही. तो स्वतः एक्केचाळीस वर्षांचा, म्हणजे १ मे रोजी १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली तेव्हा पात्र ठरलेला. परंतु ॲपवर जागा दिसते न दिसते तोच भरत असे, आणि साठा अपुरा पडल्याने राज्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यात १८ ते ४४ वयाच्या लोकांचे लसीकरणच थांबवून त्या लसी दुसऱ्या डोसांकडे वळवल्या. दुकान बंद. लग्नसराईतल्या विक्रीवर वर्ष काढणारा हा धंदा. २०२० चा हंगाम टाळेबंदीत गेला आणि या वर्षी पंचवीस माणसांत, दोन तासांत लग्न उरकण्याचा नियम आल्यावर आहेराचे कापड घेणार कोण?

एवढे सगळे त्याच्या मनात होते, आणि अण्णांपर्यंत यातले एक अक्षरही पोहोचले नव्हते. मी सुनंदाताईंना विचारले की, नवरा तुम्हाला नेमक्या कोणत्या शब्दांत सांगतो आणि तुम्ही अण्णांना कोणत्या शब्दांत सांगता. त्यांनी आठवून सांगितले. रात्री नवरा म्हणाला होता, “अण्णाला काही झालं तर मी पुन्हा त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढू शकत न्हाई, माझ्यात ताकद न्हाई राह्यली.” सकाळी चहाचा कप ठेवताना त्यांनी सांगितले ते इतकेच: “अण्णा, हे म्हणले बाहेर जाऊ नका.” उलट दिशेनेही तसेच होत होते. अण्णा म्हणाले होते, “मी आता काय भिंतीला टेकून बसायचं अन् तुमच्या ताटाची वाट बघायची काय?” नवऱ्याला त्यांनी सांगितले, “अण्णा म्हणले, बघू.” कोणाला लागू नये म्हणून सून दोन्हीकडचे शब्द मऊ करत होती. पण त्या शब्दांतली धार काढताना तिच्याबरोबर भीती आणि दुःखही निघून जात होते. बापाच्या हाती पडत होता तो नुसता हुकूम, आणि मुलाच्या हाती टाळाटाळ.

आपल्याकडे बाप आणि कर्ता मुलगा एकमेकांशी थेट फारसे बोलत नाहीत, ही काही साथीची देणगी नव्हे. एरवी ते खपून जाते, कारण दोघांनाही घराबाहेर आपापली जागा असते. त्या उन्हाळ्यात दोघे चोवीस तास एका ओसरीत आले. त्यातच भाजी, दूध, विजेचे बिल, रेशन ही अण्णांची सगळी बाहेरची कामे मुलाने काळजीपोटी आपल्याकडे घेतली होती. काळजीतून का होईना, निवृत्तीनंतर उरलेली एकुलती एक जबाबदारी त्यांच्या हातून गेली होती, आणि चहावाल्याकडची ती बैठक हीच काय ती त्यांची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट राहिली होती.

मी सुनंदाताईंना सुचवले ते त्यांना प्रथम कठीण वाटले. निरोप आणून देण्याचे काम त्यांनी थांबवावे. भांडून नव्हे, तर दरवेळी शांतपणे “हे तुम्हीच त्यांना सांगा, मी सांगितलं की त्यातलं निम्मं राहतंय” एवढेच म्हणावे. “मग भडका उडंल की,” त्या म्हणाल्या. उडेल, हे मला मान्य होते. मात्र त्याआधी मी त्यांच्या यजमानांशी एकदा बोलले. समोरासमोर बसून वडिलांना मनातले सांगा, असा सल्ला मी त्यांना दिला नाही. चाळीस वर्षांत जे घडले नाही ते समुपदेशकाच्या सांगण्यावरून एका संध्याकाळी घडत नाही, आणि घडवायला गेले तर दोघेही अवघडतात. हाताला काम असताना पुरुषांना बोलणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. त्यांचे चार एकर रान गावापासून तीन किलोमीटरवर, बटईने दिलेले. शेतीच्या कामाला निर्बंधांतून सूट होती आणि मृगाआधीची धसकटे वेचणे, बांध नीट करणे ही कामे समोर होतीच. सकाळी दोघांनी मोटारसायकलवर रानात जावे, एवढेच मी सांगितले.

दुसरी गोष्ट धोक्याच्या मोजमापाची होती. मुलाच्या लेखी ‘बाहेर’ म्हणजे सगळे सारखेच धोक्याचे होते, आणि म्हणून त्याची बंदीही सरसकट होती. प्रत्यक्षात मोकळ्या रानात मास्क लावून दोन तास राहणे आणि अर्ध्या शटरआड, वारा नसलेल्या खोलीत, मास्क हनुवटीवर ओढून चहा पीत बसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. बाजाराचेही तसेच. त्या वर्षी २० एप्रिलपासून किराणा आणि भाजीची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी असत. गर्दी टाळण्यासाठी केलेल्या या नियमाने तालुक्याच्या गावांत सगळी गर्दी त्या चार तासांतच एकवटे, आणि साडेनऊ-दहाला तर मंडईत पाय ठेवायला जागा नसे. यात सामान्य माणसाला करता येण्यासारखे एकच होते, सातच्या ठोक्याला जाऊन पावणेआठला परतणे. घरात इतक्या वक्तशीरपणे जाऊ शकेल असा माणूस एकच होता, आणि त्यालाच घरी बसवले होते.

रानातल्या तिसऱ्या की चौथ्या सकाळी मुलाने मावसभावाच्या त्या रात्रीचे सांगितले. पुरते नाही, नांदेडच्या रस्त्यावर रुग्णवाहिकेतला प्राणवायू संपत आला होता तेवढेच. अण्णांनी काही उत्तर दिले नाही. परत येताना मात्र बाजाराची पिशवी आणि यादी आपल्याकडे मागून घेतली, आणि ऑक्सिमीटर दिवसातून एकदाच, तोही ते स्वतः लावतील, असे सांगितले. मुलाने ते मान्य केले. सुनंदाताईंना हे सगळे रात्री कळले, आणि या खेपेस त्यांना कोणताही निरोप न्यावा लागला नव्हता.

पुढे सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. पंधरवड्यात अण्णा पुन्हा एकदा त्या शटरमागे सापडले आणि भर दुपारी ओसरीत बापलेकांचे चांगलेच वाजले. सुनंदाताई घाबरून फोन करत होत्या, तरी मला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण दोघे प्रथमच एकमेकांच्या तोंडावर भांडत होते आणि संध्याकाळी एकत्र जेवायला बसले होते. ७ जूनपासून जिल्हानिहाय स्तर ठरवून निर्बंध उठू लागले, दुकान उघडले, आणि बराचसा ताण त्यानेच गेला. समुपदेशनाच्या पदरात त्याचे श्रेय टाकू नये. ८४ दिवस भरल्यावर अण्णांचा दुसरा डोस झाला. जूनच्या उत्तरार्धात मुलाच्या वयोगटाचे लसीकरण पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्याचा नंबर लावायला पहाटे रांगेत उभे राहिले ते अण्णाच.

असाच प्रश्न घेऊन आजही फोन येतात. साथ नसते, मधुमेह असतो, नाहीतर रात्री मोटारसायकल चालवण्याचा हट्ट असतो. त्यांना मी पहिल्यांदा हेच विचारते की, तुमच्या घरात हे वडीलधाऱ्यांना कोण सांगते आणि कोणत्या शब्दांत. मात्र वृद्ध माणूस रागावण्याऐवजी गप्प होत गेले, दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवण आणि झोप कमी झाली, किंवा आता जगून काय करायचे असे बोलू लागले, तर घरातल्या संवादाच्या सुधारणेची वाट पाहत बसू नये. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्यांना दाखवावे. जाणे लगेच शक्य नसेल तर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते.