खडीवर हँडल आवळू नका

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात मी आणि बायको मोटरसायकलवरून लांब फिरायला गेलो होतो. शेवटच्या ६० किलोमीटरला रस्ता म्हणावा असं काही नव्हतंच. सुटी खडी, मध्येमध्ये चिखल, दोन ठिकाणी ओढा. तेवढ्याला साडेपाच तास लागले. वळणावर खडीत दोनदा आडवे झालो. फारसं लागलं नाही, पण मुक्कामी पोचल्यावर माझ्या बोटांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की शर्टाची बटणं निघेनात. डांबरी रस्त्यावर मी १२ वर्षं गाडी चालवतोय. बायको आता मागे बसायला तयार नाही. माझं काय चुकलं?

उत्तर : बटणांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. साडेपाच तास तुम्ही हँडल आवळून धरलं होतं, मुंग्या त्याच्याच.

चालत्या गाडीचं पुढचं चाक आपणहून सरळ होऊ पाहतं, त्याची बसवणूकच तशी असते. खडीत ते दगडागणिक जरा हलतं आणि पुन्हा ओळीत येतं. आपण घाबरून हँडल आवळलं की त्याला ही मोकळीक राहत नाही आणि प्रत्येक दणका मनगटातून खांद्यात जातो. धरायचं ते गुडघ्यांनी, टाकीला. मला शिकवणारे काका चालत्या गाडीवर बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवायला लावायचे. हलली नाहीत तर पकड जास्त आहे! मी आजही मधूनमधून तसं करून बघते.

फार खडबडीत पट्टा आला की गुडघे किंचित वाकवून फूटरेस्टवर उभे राहा. दणके कमरेऐवजी गुडघे झेलतात आणि गाडी तुमच्याखाली मोकळेपणी हलू शकते. डबलसीट असताना मात्र मागच्या माणसाला सांगूनच उठा.

वळणावर आडवे झालात तेव्हा, माझा अंदाज, हात पुढच्या ब्रेकवर गेला असावा. हँडल वळलेलं असताना सुट्या खडीत पुढचं चाक अडकलं की ते सरळ खालून निसटतं, सावरायला वेळच मिळत नाही. वेग वळणाआधी उतरवा, गिअर खाली घ्या, आणि वळणात हलकी रेस तेवढी ठेवा.

टायरमधली हवा कमी करा, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. एकट्याने जाताना थोडी कमी केली तर खडीत पकड सुधारते, हे खरं. पण डबलसीट, वर सामान आणि टायर ट्यूबचा असेल तर मी हवेला हात लावत नाही. दगडाच्या कडेवर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात.

ओढ्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते. एकदा पाण्यात पायी न उतरता मी गाडी तशीच घातली. मधोमध खड्डा होता. गाडी आडवी झाली, बंद पडली. ओढून काठावर आणली आणि बटण दाबणार, तोच मागून आलेल्या ट्रकच्या चालकदादांनी माझा हात धरला. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलेलं असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यांनी आधी प्लग काढायला लावला, मग बटण दाबायला सांगितलं. प्लगच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली, चांगली हातभर. प्लग पुसला, एअर फिल्टर काढून वाळवला. तासाभराने गाडी सुरू झाली. तेव्हापासून आधी मी स्वतः ओढा ओलांडते, मग गाडी. पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये थांबायचं नाही. पलीकडे गेल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबून वाळवायचे.

आता तुमच्या पत्नी. त्यांची भीती रास्त आहे. तुम्हाला खड्डा आधी दिसतो, त्यांना फक्त तुमची पाठ दिसते. खड्डा आला की तोंडाने सांगा. जड सामान मागच्या टोकाला बांधलं असेल तर पुढचं चाक हलकं पडतं, तेही पुढे आणि खाली घ्या. आणि वाईट पट्ट्यात त्यांनी उतरून चालत यावं, यात कमीपणा कसला? माझी बहीण कित्येकदा अशीच चालत आली आहे. आधी महिनाभर एखाद्या मोकळ्या खडीच्या मैदानावर एकटे सराव करा, मग त्यांना विचारा. कुठे उतरायचं आणि पुन्हा कुठे बसायचं, ते त्यांना ठरवू द्या.