४४०००१ या संख्येत गणिताच्या दृष्टीने काही विशेष आहे का?

आपण विचारले आहे की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जीपीओचा ४४०००१ हा पिनकोड निव्वळ संख्या म्हणून पाहिला, तर तिच्यात काही गुणधर्म सापडतात का. मी नागपूरकर असल्याने ही संख्या लहानपणापासून पत्त्यात लिहीत आलो आहे, आणि तिचा सर्वांत सुंदर गुणधर्म नुसत्या अंकांकडे पाहून दिसत नाही, असे मला वाटते.

जो चटकन दिसतो तो आधी सांगतो. अंकांची बेरीज ९ येते आणि ९ ने संख्येला निःशेष भाग जातो, म्हणून देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ज्यांना हर्षद संख्या म्हटले, त्यांत ती बसते. कापरेकरांविषयी मला नितांत आदर आहे. तरीही हा गुणधर्म आपल्या दशमान लेखनावर अवलंबून असतो, संख्येच्या घडणीवर नव्हे.

घडण कळते ती अवयव पाडल्यावर. ९ ने भागल्यास ४८८८९ येतात आणि ही मूळ संख्या आहे. तिचे वर्गमूळ २२१ च्या किंचित पुढे असल्याने २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. त्यांपैकी ७ आणि ९७ यांनी भागल्यास बाकी अवघी १ उरते, म्हणजे दोन्हींचा नेम थोडक्यात हुकतो.

आता ४८८८९ ला ४ ने भागले तरी बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, हे फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० मध्ये एका पत्रात लिहिले आणि स्विस गणिती ऑयलर यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले. मात्र ते वर्ग कोणते, हे आपल्यालाच शोधावे लागते. कोणत्याही वर्गाला ५ ने भागल्यास बाकी ०, १ किंवा ४ उरते आणि ४८८८९ ची बाकी ४ आहे. त्यामुळे दोहोंपैकी एक संख्या ५ च्या पटीतलीच हवी. ५, १०, १५ अशा संख्यांचे वर्ग वजा करत ७५ पर्यंत आलो की ४८८८९ − ५६२५ = ४३२६४, आणि हा नेमका २०८ चा वर्ग आहे! दोन्ही संख्यांना ३ ने गुणले की २२५² + ६२४² = ४४०००१ मिळते. वर्गाला ३ ने भागल्यास बाकी ० किंवा १ च उरत असल्याने इथे दोन्ही संख्या ३ च्या पटीत असाव्याच लागतात, आणि ४८८८९ ची मांडणी एकमेव असल्याने ही जोडीही एकमेव ठरते.

शहरातल्या प्रत्येक पिनकोडच्या वाट्याला हे येत नाही. ४४००१५ किंवा ४४००२७ यांना ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, आणि दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २ च असू शकते. त्यामुळे तिथे अशी जोडी शोधणे व्यर्थ आहे.