जे फोटोत दिसत नाही ते लिही

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. आपल्या गावात तंबाखूचा पाइप ओढणारा औषधालाही सापडत नाही, सारे सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळणारे नाहीतर बिडीवाले, मग पाइपचे रिव्ह्यू लिहून काय उपयोग, असं विचारून राहिला तू. वाईट वाटलं आणि रागही आला. गावासाठी कोण लिहून राहिलं बाप्पा? कुठंतरी आडगावात बसलेला माणूस मोबाइलवर फोटो पाहून महिन्याच्या किराण्याएवढे पैसे घालते, हातात धरून पाहायला जवळपास दुकान नाही, त्याच्यासाठी आहे ते. मडकं आपण वाजवून घेतो, तो कसं वाजवणार? त्याच्या वतीनं तू वाजवायचं, आणि हे काम छोटं नाही.

पण तू काय लिहितो? "फिनिश भारी, ग्रेन मस्त, पॅकिंग छान." अरे ते तर फोटोत दिसतेच ना! जे फोटोत दिसत नाही ते लिही.

धुराचं भोक वाटीत, म्हणजे तंबाखू भरायच्या जागेत, कुठं निघते ते लिही. वाटीच्या बुडाशी, मधोमध निघालं पाहिजे, वर निघालं तर खालची तंबाखू ओली अन् अर्धवट जळालेली राहते. तोंडात धरायची दांडी न काढता पाइप क्लीनर, म्हणजे भोक साफ करायची लवदार तार, वाटीपर्यंत जाते का पाहा. अडकला तर कुठं ते लिही, पण लगेच नावं ठेवू नको. पीटरसन कंपनीच्या 'सिस्टिम' पाइपात ओल साचायला मुद्दाम खळगा ठेवलेला असतो, १८९० चं पेटंट आहे ते, तिथं क्लीनर सरळ जात नाही म्हणजे ड्रिल चुकलं असं नाही. हे माहीत नसलेल्या लोकांनी चांगल्या पाइपची बदनामी केलेली पाहिली मी, फार चीड येते.

पाइप बहुधा ब्रायरचा असतो, ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या झुडपाच्या बुडाशी होणारी गाठ, उकळून, महिनोन्‌महिने वाळवून वापरतात. गाठीत खड्डे असणारच. पुट्टी भरून गडद रंग मारला की फोटोत कळत नाही, म्हणून उन्हात तिरपा धरून पाहा. दांडी व्हल्कनाइटची का ॲक्रिलिकची तेही सांग, व्हल्कनाइट म्हणजे कडक केलेलं रबर, उन्हानं हिरवट-तपकिरी होते, चव बिघडते. आपल्या मे महिन्याच्या उन्हात दांडीची जी परीक्षा होते ती थंड देशातल्या लिहिणाऱ्याला कुठून मिळणार? वजन सोनाराच्या काट्यावर कर, वाटी व्हर्नियर मापपट्टीनं मोज.

आणि पार्सल फोडल्या संध्याकाळीच रिव्ह्यू टाकत जाऊ नको. नव्या वाटीत बरेचदा आतून लेप असते, सुरुवातीची चव लेपाचीच. मक्याच्या कणसाचा स्वस्त पाइप तर तुम्ही पोरं हातातच घेत नाही, अमेरिकेत मिसूरीच्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून बनून राहिले ते. गरिबाला परवडणाऱ्या वस्तूचा रिव्ह्यू सगळ्यात आधी पाहिजे.

फुकट आलेला पाइप असेल तर ते पहिल्या ओळीत. तेही फोटोत दिसत नाही.

आणि धूर छातीत ओढत नाहीत म्हणून पाइप निर्धोक, असं कधीच लिहायचं नाही. तोंडाचा, घशाचा कॅन्सर पाइपनंही होते. खर्र्यापायी तोंड न उघडणारी माणसं आपण दोघांनीही पाहिली आहेत, मग हे लिहायचं टाळायचं कसं? ज्याला लागलेलीच आहे त्याच्यासाठी लिही, नव्यानं कोणाला लावायला नको.

मलेही लोक म्हणायचे, मास्तर, आयटीआयत टर्नर शिकवता अन् घरी पाइपची भोकं मोजता? हो, मोजतो. त्याच नजरेनं मी फवारणी पंपाचं नोझल पाहतो, बोअरची मोटर पाहतो, विकणारा तिथंही फोटोच दाखवते. ही नजर पुस्तक वाचून येत नाही, एका वस्तूचा पिच्छा पुरवावा लागते. मोजमापं सारी वह्यांत राहिली, कोणाच्या कामी आली नाहीत, ही खंत आहे मले. तुझ्या हातात मोबाइल आहे आणि तू विचारतो उपयोग काय!

मागच्या महिन्यातला तो काळा पाइप पुन्हा काढ. वजन, वाटीची खोली, आणि क्लीनर कुठं अडकला ते रविवारपर्यंत पाठव. फोटो पाठवू नको.

तुझा काका